केंद्र नंबर सत्तावीस

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, चाचा थर्मामीटर ठेवायचे. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेत असतो तसला वीतभर लांब, पाऱ्याचा. तो फुटू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या नळीत घातलेला आणि नळीला रबराचं बूच. एसटीत खिडकीशी जागा मिळाली की ते नळी उघडायचे, थर्मामीटर जरा वेळ खिडकीबाहेर धरायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, "चौतीस हाय." शेजारी "बरं" म्हणायचा. न्हावरा आलं की पुन्हा, "आता साडेतेहतीस." मग शेजारी दुसरीकडं कुठं जागा होतेय का ते बघायला लागायचा.

ऑफिसात हा किस्सा मी रंगवून सांगायचे. सगळ्यात जास्त मीच हसायचे. त्या माणसाला कुणाशी तरी दोन शब्द बोलायचं असतं आणि बोलायला त्याच्यापाशी एवढाच विषय आहे, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा हसून काही उपयोग नव्हता आणि रडूनही.

मी मूळची यवतची. डिप्लोमा झाला, पाठोपाठ लग्न झालं, नवरा कारखान्यात होता म्हणून कारेगावात बिऱ्हाड केलं आणि तिथंच मला नोकरी लागली. कंपनी अगदीच लहान. पत्र्याच्या शेडवर दोन खोल्या, एका खोलीत साहेब आणि दुसरीत मी, एक कॉम्प्युटर आणि तीन तंत्रज्ञांच्या पिशव्या. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या दूध शीतकरण केंद्रांवर आम्ही एकेक डबा बसवायचो. राखाडी रंगाचा, जेवणाच्या डब्याएवढा. त्याच्या पोटातच दोन सेन्सर असायचे. एक विजेचं व्होल्टेज मोजायचा, दुसरा खोलीचं तापमान. दोन्हींना खालची आणि वरची लिमिट भरून द्यायची. आकडा लिमिटबाहेर गेला की डबा टेलिफोनच्या तारेवरून आमच्या कॉम्प्युटरला कळवायचा, पडद्यावर लाल ओळ यायची आणि मग मी त्या केंद्रावर फोन करून विचारायचं की काय झालं. केंद्रं होती सव्वीस.

चाचा त्या तीन तंत्रज्ञांपैकी सर्वांत वयस्कर. शिरूरचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांचे वडील बाजारात स्टोव्ह दुरुस्त करायला बसायचे, ते स्वतः आधी विजेच्या मोटारी रिवाइंड करायचे आणि उतारवयात आमच्याकडे आले होते. मुसलमान माणूस म्हणून कुणीतरी पहिल्या दिवशी चाचा म्हणालं आणि तेच पडलं. हजेरीपटावर नाव होतं, पण ते वाचून दाखवायची वेळ कधी आली नाही.

डब्यासोबत कंपनीचं एक पुस्तक यायचं. त्यात लिमिटा छापलेल्या असायच्या. व्होल्टेज एवढं ते एवढं, तापमान एवढं ते एवढं. बाकीचे दोघं केंद्रावर जायचे, भिंतीला डबा ठोकायचे, पुस्तकातले आकडे भरायचे आणि चहा पिऊन निघायचे. दिवसाला तीन केंद्रं उरकायचे. चाचांना एका केंद्राला तीन दिवस लागायचे. पहिल्या दिवशी तर ते आकडे भरायचेच नाहीत. दुधाचा रिकामा कॅन पालथा घालून त्यावर बसायचे आणि नुसतं बघायचे. ऊन कुठल्या भिंतीवर कधी येतं, मशीन कधी धापा टाकतं, दिवा कधी मिणमिणतो.

"पुस्तकात दिलंय ना चाचा," मी म्हणायचे.

"दिलंय की. पण ह्या लिमिटी कुणाच्या गावच्या हायत, ते दिलंय का?"

साहेबांना हे अजिबात पटायचं नाही. त्यांच्या लेखी चाचा म्हणजे कामचुकार माणूस. मलाही अधूनमधून तसंच वाटायचं, खोटं कशाला सांगू.

मग वडगाव रासाईचं झालं. तिथल्या केंद्रावरून रोज दुपारी दोनच्या सुमाराला लाल ओळ यायची. तापमान जास्त. मी फोन करायचे, तिकडचा माणूस वैतागून म्हणायचा, "बाई, दूध चांगलं गार हाय, तुम्ही जेवू द्या की." आम्ही ऑफिसातूनच लिमिट वाढवली. पंचेचाळीसची पन्नास केली. दोन दिवस शांतता, पुन्हा लाल ओळ. पन्नासची पंचावन्न केली. साहेब म्हणाले, सरळ साठ करून टाक. तेवढ्यात चाचा म्हणाले, मी जाऊन येतो.

ते गेले, कॅनवर बसले, दुपारी दोनला खिशातून थर्मामीटर काढला. डबा कंप्रेसरच्या गरम वाऱ्याच्या तोंडावरच लावलेला होता. सेन्सर डब्याच्या आत, त्यामुळं तो बिचारा स्वतःला लागणारी झळ मोजत होता. खोली चांगली होती, दूध त्याहून चांगलं होतं. चाचांनी डबा समोरच्या भिंतीला हलवला आणि वरची लिमिट चाळीस करून टाकली, पुस्तकापेक्षाही कमी. ऑफिसात आल्यावर साहेबांना म्हणाले, "ताप आला म्हणून थर्मामीटरच्या रेघा खोडत्यात व्हय?" पुढच्याच महिन्यात त्या केंद्रावरून एक्केचाळीसची ओळ आली. कंप्रेसरचा पंखा बंद पडला होता. वेळेत कळलं आणि सगळ्या गावाचं दूध वाचलं. लिमिट साठ असती तर ते गटारात गेलं असतं.

माझ्या यवतच्या केंद्रावर वेगळंच दुखणं होतं. तिथं रोज संध्याकाळी व्होल्टेज बसायचं आणि डबा बोंब मारायचा. चाचांनी तिथल्या इंजिनिअरला काही विचारलं नाही, झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पलीकडं पिठाची गिरणी हाय न्हवं. ती चालू झाली की आमचा दिवा मान टाकतो. पुन्हा उठतोय आपला आपला." चाचांनी लिमिट तीच ठेवली, फक्त डब्याला दोन मिनिटं थांबायला लावलं. दोन मिनिटांत व्होल्टेज वर आलं तर कुणाला काही सांगायचं नाही, नाही आलं तर फोन करायचा.

"माणूस दोन मिनिटं खाली बसला तर तो दमलेला आसतो," ते मला समजावून सांगत होते. "उठलाच न्हाई तर जाऊन बघावं."

आकडे भरून झाले तरी त्यांचं काम संपायचं नाही. ते मुद्दाम काहीतरी बिघडवायचे. प्लग काढायचे, नाहीतर डब्यावर गरम पाण्याचं फडकं टाकायचे. लाल ओळ आली की मी केंद्रावर फोन करायचा, ते फोन उचलणार, मी विचारणार, "चाचा, काय झालं?" आणि ते म्हणणार, "काय न्हाई, जोडणी झाली." मग पिशवी उचलायची. एकदा मला ठाऊक होतं की ते परीक्षा घेतायत, म्हणून मी फोनच केला नाही. हातात दुसरं काम होतं. संध्याकाळी शेवटची एसटी गेल्यावर त्यांनीच फोन केला. सकाळपासून ते तिथंच बसून होते.

"अहो, मला माहीत होतं तुम्हीच प्लग काढला असणार," मी म्हणाले.

"तुला माहीत हुतं. डब्याला कसं माहीत, तुला माहीत हाय ते?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं. त्यांच्या मते डबा, तार, कॉम्प्युटर आणि मी, अशी मिळून एक जोडणी होती, आणि शेवटचं टोक म्हणजे उठून विचारणारा माणूस. ते टोक सैल असेल तर बाकीचं सगळं लोखंड. असं काही ऐकलं की मी मान डोलवायचे आणि फोन ठेवला की जीभ बाहेर काढायचे.

त्यांची बायको मी नोकरीला लागायच्या आधीच वारली होती. ते कधी आपणहून बोलले नाहीत. एकदा डबा उघडून माझ्या टेबलाशी बसले होते, स्क्रू ड्रायव्हर फिरवता फिरवता सांगून गेले. ते कुठल्याशा गावाला मोटार बसवायला गेले होते, दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीच्या ध्यानात आलं की आज भिंतीपलीकडून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला नाही. ती बघायला गेली. "तिला कळलं तरी," चाचा म्हणाले. "न्हाईतर मी येस्तवर..." शेजारीण आता नव्हती. घराला कुलूप लावून ते कुटुंब पुण्याला गेलं होतं.

मुलगी एकच, दौंडला दिलेली. जावयाचं शिलाईचं दुकान होतं. मुलगी सारखी म्हणायची, अब्बा, इकडं येऊन राहा. चाचा जायचे आणि तिसऱ्या दिवशी परत यायचे. लेकीच्या घरी दोन दिवस पाहुणा असतो, तिसऱ्या दिवशी अडचण, असं त्यांचं म्हणणं. शिवाय दौंडच्या घरात सगळे आपापल्या कामात, त्यांच्या थर्मामीटरशी कुणाला देणंघेणं नव्हतं. ते तरी कुठं कुणाला होतं म्हणा.

साठी झाली तेव्हा साहेबांनी त्यांना नारळ आणि शाल देऊन घरी पाठवलं. आनंदानं पाठवलं. महिन्याभरानं चाचा दुपारचे ऑफिसात आले. साहेब नव्हते. त्यांनी बाद मालाच्या कपाटातला एक डबा मागितला. झाकण फुटलेला, म्हणून परत आलेला. मला वाटलं, वेळ घालवायला काहीतरी खुडबूड करणार असतील. दिला.

"आन् तुझ्या कॉम्प्युटरवर एक केंद्र वाढवशील का?" त्यांनी विचारलं.

"कुठलं?"

"माझं घर."

स्वयंपाकघरात स्टोव्हच्या वर, हातभर उंचीवर त्यांनी डबा लावला. व्होल्टेज गेलं तर कळवायचं नाही, कारण शिरूरला ते रोज जायचं. तापमानाचीच लिमिट, तीही उलटी. बाकी सव्वीस डबे गरम झालं की ओरडायचे, हा गरम नाही झालं तर ओरडणार होता. सकाळी सहा ते आठ या वेळात तापमान चार अंशांनी चढलं नाही, म्हणजे स्टोव्ह पेटला नाही. स्टोव्ह पेटला नाही म्हणजे चाचा उठले नाहीत. मग मी त्यांच्या घरी फोन करायचा, आणि त्यांनी उचलला नाही तर कुणाला तरी पाठवायचं. हे सांगताना ते इतके साधेपणानं बोलत होते, जणू काही आणखी एका गावचं दूध सांभाळायचंय.

मी वाढवलं. केंद्र नंबर सत्तावीस. पहिल्या सकाळी त्यांनी मुद्दाम स्टोव्ह पेटवला नाही. लाल ओळ आली, मी फोन केला, "चाचा, काय झालं?" पलीकडून समाधानानं उत्तर आलं, "काय न्हाई, जोडणी झाली." तेव्हा मला बरं वाटलं होतं. आपण एका म्हाताऱ्या माणसासाठी काहीतरी करतोय, असं वाटून मी दिवसभर खुशीत होते.

पुढं पंधरा दिवसांनी बाजारात भेटले. तब्येत सुधारलेली दिसत होती, मी तसं म्हटलं. "झोप लागती आता," ते म्हणाले. "ती गेल्यापास्नं पडल्या पडल्या इचार यायचा, आज मेलो तर कवा कळंल कुनाला. आता न्हाई येत. तू हाईस."

एवढं मला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. न कळायला काही जागाच नव्हती.

मग रमजान आला. सगळ्या गावांची पिकं, भारनियमन, बाजारचे दिवस विचारून लिमिटा लावणारा हा माणूस स्वतःच्या घरचा महिना विसरला. रमजानमध्ये स्टोव्ह पेटायचा सहरीच्या जेवणाला, भल्या पहाटे. दिवस उजाडल्यावर पेटायचा तो थेट संध्याकाळी. पहिल्या रोजाला आठ वाजता लाल ओळ आली. मी फोन केला, ते घरी नव्हते. घाबरून मी एका तंत्रज्ञाला मोटारसायकलवर शिरूरला पिटाळलं. चाचा नदीकडं फिरायला गेले होते. दुसऱ्या दिवशी तेच. चाचा पुन्हा बाहेर, मी पुन्हा माणूस पाठवला, आणि या खेपेला साहेबांना कळलं.

"हे सत्तावीस नंबरचं केंद्र कुठलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "आपण दुधाची केंद्रं बघतो का म्हाताऱ्या माणसांची?" पेट्रोल, माणसाचा वेळ, कंपनीची लाइन, सगळं काढलं. काढून टाक म्हणाले नाहीत, पण पुन्हा माणूस गेला तर तुझी खैर नाही, एवढं म्हणाले.

त्याच संध्याकाळी चाचांचा फोन आला. ओशाळले होते. "बेटा, चूक माझी हाय. रोजे सुरू झाले ते ध्यानातच न्हाई राहिलं. वेळ बदल. पाटं साडेचार ते साडेपाच कर. ईद झाली की पुन्हा पैल्यासारखी."

"करते चाचा," मी म्हणाले.

वेळ बदलणं दोन मिनिटांचं काम. तिसऱ्या रोजाला सकाळी मी ते करायला बसले आणि थांबले. ऑफिस बंद असताना लाल ओळ आली की कॉम्प्युटर माझ्या घरच्या फोनवर रिंग द्यायचा. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती, रात्रभर किरकिर करून पहाटे कुठं तिचा डोळा लागायचा. आमच्या फोनची घंटा तर सगळ्या चाळीला उठवणारी. मनात आलं, चाचा एखाद्या पहाटे नुसतं पाणी पिऊन रोजा धरतील, स्टोव्ह पेटणार नाही, फोन वाजेल, पोरगी उठेल, मी पुन्हा कुणाला तरी पाठवीन आणि साहेब मला घरी बसवतील. मी सत्तावीस नंबर बंद करून टाकला. ईदनंतर सुरू करू. पडद्यावर त्या ओळीचा रंग करडा झाला.

दुपारी चाचांचा फोन आला. "केलीस का गं वेळ?"

"केली," मी म्हणाले.

त्यांनी परीक्षा घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच घेतली नसेल. मला त्रास नको म्हणून, आणि मी केली म्हणाले म्हणून.

चौदाव्या रोजाच्या संध्याकाळी त्यांच्या मुलीचा दौंडहून ऑफिसात फोन आला. अब्बा पडले, मांडीचं हाड मोडलं, दौंडच्या दवाखान्यात आणलंय, तुम्हाला कळवा म्हणाले. मी रिसीव्हर धरून पडद्याकडं बघत होते. सव्वीस ओळी हिरव्या आणि एक करडी.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, बाळाला शेजाऱ्यांकडं ठेवलं आणि चौफुल्याला एसटी बदलून दौंडला गेले. दवाखान्याच्या लांबट खोलीत खिडकीपासून दूरची खाट मिळाली होती त्यांना. पायाला वजन बांधलेलं. चेहरा इतका लहान झाला होता की मी आधी दुसऱ्याच खाटेशी जाऊन उभी राहिले. थर्मामीटर उशीशी होता.

सगळं त्यांनीच सांगितलं. सहरीला उठले आणि मोरीत पाय घसरला. उठता येईना. तिथून स्वयंपाकघरातला डबा चालू असल्याचा हिरवा दिवा दिसत होता, म्हणून घाबरले नाहीत. साडेपाचला डबा कळवणार, मी फोन करणार, फोन उचलला गेला नाही की माणूस निघणार, सात वाजेपर्यंत येणार. असा त्यांनी हिशेब केला आणि पडून राहिले. फज्रच्या नमाजाला जाणारी माणसं गल्लीतून बोलत गेली ते ऐकू आलं.

"हाक का नाही मारली?" मी विचारलं.

"कशाला त्यांना तकलीफ. तुझा मानूस येनारच हुता की."

सात वाजले, नऊ वाजले. मग हाका मारल्या, पण तोवर गल्ली रिकामी झाली होती आणि आवाजही राहिला नव्हता. अकराच्या पुढं नदीपलीकडची भाजीवाली दारात आली, कोथिंबीर हवी का विचारायला. तिनं आतलं कण्हणं ऐकलं आणि लोकांना बोलावलं.

मी सांगणार होते. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात चाचांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, रातभर इचार केला. चूक सापडली. माझीच हाय."

मग त्यांनी ती चूक मला समजावली. पहाटे गावात विजेचा वापर कमी, म्हणून व्होल्टेज चढतं. व्होल्टेज चढलं की डब्यातला ट्रान्सफॉर्मर तापतो. सेन्सर डब्याच्या आतच, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. त्याला ती ऊब लागली आणि त्याला वाटलं, स्टोव्ह पेटला. "सोताच्याच अंगातली गर्मी. दिवसा सहा ते आठात असं व्हत नव्हतं, कारन व्होल्टेज उतरलेलं आसतं. मी पाटंची वेळ सांगितली आन् ह्याचा इचारच केला न्हाई. बग, केवढी साधी गोष्ट." अंगात ताप होता, तरी डोळे चमकत होते. इतका बिनचूक तर्क, आणि सगळा त्या खोट्यावर उभा.

"आता एक काम कर," ते म्हणाले. "साहेबांना माझ्या नावानं चिठ्ठी लिही. मी बसवल्यात त्या केंद्रांवर हीच चूक आसनार. कितीतरी ठिकानी मी पुस्तक सोडून लिमिटी लावल्या, ठावं हाय ना तुला. त्या सगळ्या काढा म्हनावं, आन् पुस्तकातल्या भरा. कुनाचं दूध नासलं तर माझ्या जिवाला लागंल. माझा हात आता भरवशाचा ऱ्हायला न्हाई."

त्यांच्या मुलीनं वहीचा कागद दिला. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. माझ्या अक्षरात, एकेक केंद्राचं नाव. वडगाव रासाई लिहिताना हात थांबला, तर म्हणाले, "लिही, लिही." खाली त्यांनी सही केली. मी कागद पर्समध्ये घातला आणि एसटीत बसले. कारेगाव येईपर्यंत मी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

चिठ्ठी साहेबांना दिली असती तर ते खूश झाले असते. त्याच आठवड्यात सगळीकडं पुस्तकातले आकडे भरून मोकळे झाले असते, आणि मी काय केलं ते कुणालाही कधीच कळलं नसतं. चाचा मात्र आपला हात गेला असं समजून उरलेले दिवस काढणार होते. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? बायको नाही, शेजार नाही, लेकीच्या घरात ते पाहुणे. एक तो हात होता. दोन दिवस मी पोरीला दूध पाजताना, भाकरी थापताना, पडद्यासमोर बसून तेवढाच विचार करत होते, आणि सांगायची हिंमत होत नव्हती. भीती साहेबांची नव्हती. चाचा माझ्याकडं कसे बघतील याची होती.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दौंडला गेले. त्यांची मुलगी औषधं आणायला गेली होती. मी चिठ्ठी काढून त्यांच्या पांघरुणावर ठेवली.

"दिली न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"नाही. चाचा, तुमची काही चूक नाही. ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नाही. मी वेळ बदललीच नव्हती. केंद्र बंद करून ठेवलं होतं. बाळ उठेल म्हणून. तुम्हाला केली म्हणून सांगितलं ते खोटं होतं."

त्यांना पटकन उलगडलं नाही. छताकडं बघत त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवलं असावं. नंतर चेहरा हळूहळू मोकळा झाला. खरंच मोकळा झाला, मी पाहिलं. पांघरुणावरची चिठ्ठी त्यांनी उचलली, चार घड्या केल्या आणि मुठीत धरली.

"म्हंजी सेन्सर बराबर हुता," ते म्हणाले.

"हो."

"लिमिट बी बराबर हुती."

"हो चाचा. सगळीकडं बरोबर आहेत."

त्यांनी मान हलवली. बाजूच्या खाटेवरच्या माणसाला कुणीतरी पाणी पाजत होतं, तिकडं ते बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "कवापास्नं बंद हुतं?"

"तिसऱ्या रोजापासून."

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. तिसरा, चौथा, पाचवा. हळूहळू, एकही न चुकवता, तेराव्यापर्यंत.

"अकरा रात्री," ते म्हणाले. "अकरा रात्री मी उगंच निवांत झोपलो."